सरळ दात, निरोगी हिरड्या: नाते किती घट्ट?

छत्रपती संभाजीनगरहून पैठणच्या रस्त्याला लागले की चौदाव्या किलोमीटरच्या आसपास चितेगाव येते. व्हिडिओकॉनच्या कारखान्याने या गावाचे नाव देशभर नेले. कारखाना आणि शेती अशा दोन्ही कमाईवर जगणाऱ्या या पट्ट्यातल्या माणसाला दातांचे दुखणे निघाले, तर त्याच्यापुढे शिकवणारी दोन दंत रुग्णालये आहेत. शहराच्या वाटेवर कांचनवाडीत छत्रपती शाहू महाराज शिक्षण संस्थेचे दंत महाविद्यालय आहे आणि शहरात घाटी रुग्णालयाच्या परिसरात १९८२ पासूनचे शासकीय दंत महाविद्यालय आहे. दंतवैद्यकाच्या प्रत्येक महाविद्यालयात हिरड्यांचा आणि दात सरळ करण्याचा असे दोन विभाग वेगवेगळे असतात. ब्रश करताना रक्त येते म्हणणारा रुग्ण एका दाराने आत जातो, दात वाकडे आहेत म्हणणारा दुसऱ्या दाराने.

या दोन दारांमध्ये एक जुना प्रश्न उभा आहे. दात सरळ केल्याने हिरड्यांचे आरोग्य सुधारते का? आई-वडील मुलाला तार लावायला नेतात तेव्हा दिसण्याच्या जोडीने हे कारणही सांगितले जाते. चाळिशीतल्या माणसाचे पुढचे दात फाकू लागले की त्यालाही हाच सल्ला मिळतो. त्याच वेळी तार लावलेल्या कित्येक मुलांच्या हिरड्या सुजून लाल झालेल्या दिसतात. गेल्या साठ वर्षांत या प्रश्नावर भरपूर संशोधन झाले, बाजू बदलल्या आणि काही मुद्द्यांवर एकमतही झाले. त्या सगळ्याचा हा आढावा.

दोन शाखा, दोन वाटा

हिरड्यांच्या रोगांची दखल आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत मुखरोगांची वर्गवारी करताना दातांच्या मुळाशी होणारे, म्हणजे हिरड्यांचे, पंधरा रोग वेगळे सांगितले आहेत. हिरड्यांतून पू आणि रक्त येणे व दात हलू लागणे या लक्षणांचा ‘दंतवेष्ट’ त्यातलाच. आज खेड्यापाड्यांत ज्याला पायोरिया म्हणतात त्याचे हे वर्णन सहज ओळखू येते.

दात सरकवण्याच्या शास्त्राची वाट वेगळी होती. फ्रान्सचे पिएर फोशार यांनी १७२८ मध्ये छापलेल्या ग्रंथात धातूची पट्टी बांधून दात ओळीत आणण्याची पद्धत दिली. पुढे अमेरिकेत एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये वरच्या आणि खालच्या दाढा एकमेकींवर कशा बसतात यावरून वाकड्या दातांचे वर्ग पाडले. ते वर्ग आजही वापरात आहेत. अँगल यांच्या काळापासून या शाखेचा भर चावा नीट बसण्यावर आणि चेहऱ्याच्या ठेवणीवर राहिला. हिरड्यांचा विचार होता, पण तो दुय्यम होता.

दोन्ही शाखांना जवळ आणणारा टप्पा १९६५ मध्ये आला. डेन्मार्कमधल्या ऑर्हुस इथे हॅराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणे थांबवायला सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासणे सुरू करताच त्या बऱ्या झाल्या. दातांवर साचणारा जंतूंचा थर, ज्याला दंतवैद्य प्लाक म्हणतात, तोच हिरड्यांच्या सुजेचे मूळ आहे हे त्या साध्या प्रयोगाने दाखवून दिले. प्लाक हे कारण एकदा पक्के झाल्यावर पुढचा प्रश्न ओघानेच आला. दात एकमेकांवर चढलेले असतील, तर हा थर तिथे जास्त साचत असेल का?

हिरडीत नेमके काय बिघडते

पुढचा वाद समजायला दुखण्याच्या दोन पायऱ्या वेगळ्या ठेवाव्या लागतात. पहिल्या पायरीवर फक्त हिरडी सुजते. ती लाल होते, ब्रश लागला की रक्त येते, तोंडाला वास येतो. ही सूज पूर्ण बरी होते. दुसऱ्या पायरीवर, म्हणजे पायोरियात, सूज खाली उतरते आणि दाताला धरून ठेवणारे तंतू व हाड झिजू लागतात. दात आणि हिरडी यांच्यामध्ये खोल फट तयार होते, तिला पॉकेट म्हणतात. निरोगी तोंडात ही फट साधारण तीन मिलिमीटरच्या आत असते. पायोरियात ती पाच, सात, कधी दहा मिलिमीटरपर्यंत जाते. गेलेले हाड सहसा आपोआप परत येत नाही. शिवाय हे दुखणे बहुधा ठणकत नाही, त्यामुळे दात हलू लागेपर्यंत रुग्ण दंतवैद्याकडे फिरकत नाही.

पसारा मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार हिरड्यांच्या तीव्र रोगाचे जगात शंभर कोटींहून अधिक रुग्ण आहेत. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत ३५ ते ४४ वयोगटातल्या सुमारे ९० टक्के लोकांमध्ये हिरड्यांचे काही ना काही दुखणे आढळले. त्यात नुसते रक्त येणारे आणि दातांवर कीटण, म्हणजे कडक झालेला थर, साचलेले लोकही मोजले होते, त्यामुळे हा आकडा म्हणजे ९० टक्क्यांना पायोरिया असा अर्थ नाही. पण हिरडी पूर्ण निरोगी असलेला मध्यमवयीन माणूस आपल्याकडे किती कमी सापडतो, एवढे त्यावरून कळते.

पहिली बाजू: दाटी गेली की सफाई सोपी

दात सरळ करण्याचा हिरड्यांना फायदा होतो म्हणणाऱ्यांचा मुख्य युक्तिवाद समजायला सोपा आहे. कपाशीची लावण दाट झाली की दोन ओळींतून कोळपे फिरत नाही आणि तण तिथेच माजते, तसेच दाटीने उगवलेल्या दातांचे होते. खालच्या जबड्यातले पुढचे दात एकमेकांवर चढलेले असले की ब्रशचे केस मधल्या कोनाड्यांत पोचत नाहीत. तिथे थर साचतो, लाळेतल्या क्षारांनी तो कडक होतो आणि त्याचे कीटण बनते. कीटण खडबडीत असल्याने त्यावर नवा थर आणखी सहज बसतो. दात ओळीत आणले की हे कोनाडेच उरत नाहीत.

याला निरीक्षणांचा आधार आहे. अमेरिकेतल्या ॲन-मरी बोलन यांनी २००८ मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा दातांची ठेवण जितकी जास्त बिघडलेली, तितके हिरड्यांचे दुखणे जास्त असा संबंध दिसला. हा संबंध सरासरीचा आहे आणि त्यातून कारण सिद्ध होत नाही, तरी तो दुर्लक्ष करण्याजोगाही नाही.

काही परिस्थितींत मात्र वाकडा दात हिरडीला थेट इजा करतो आणि तिथे फारसा वाद उरत नाही. वरचा पुढचा दात खालच्या दाताच्या आत बसला, तर चावताना खालचा दात बाहेर ढकलला जातो आणि त्याच्या पुढची हिरडी खाली सरकते. मुलांमध्ये असा उलटा चावा वेळेत सुधारला की ती हिरडी बऱ्याचदा सावरते. चावा फार खोल असेल, तर खालच्या दातांच्या कडा वरच्या दातांमागच्या टाळूच्या हिरडीत रुततात आणि तिथे कायमची जखम राहते. दाढ काढल्यावर मागची दाढ पुढे कलंडते आणि तिच्या पुढच्या बाजूला खोल पॉकेट तयार होते. अशी कलंडलेली दाढ उभी केल्यावर पॉकेटची खोली कमी होते, असे ब्राउन या संशोधकाने १९७३ मध्येच दाखवले होते.

दुसरी बाजू: हात नीट चालला तर पुरे

दुसऱ्या बाजूचे अभ्यासक या युक्तिवादातले तर्कशास्त्र मान्य करतात, पण मोजमाप मागतात. त्यांचे म्हणणे असे की हिरडीचे भवितव्य घासणाऱ्याच्या हातावर ठरते, दातांच्या रांगेवर त्यामानाने कमी.

फिनलंडमध्ये आयनामो यांनी १९७२ मध्ये लष्करात भरती झालेल्या तरुणांचे दात तपासले. वाकड्या दातांपाशी हिरडीचे दुखणे जास्त होते खरे, पण हा फरक मुख्यतः मध्यम स्वच्छता असलेल्यांमध्ये दिसला. ज्यांची स्वच्छता उत्तम होती त्यांचे वाकडे दातही निरोगी होते आणि ज्यांची अगदीच वाईट होती त्यांच्या सरळ दातांचीही दुर्दशा झालेली होती. हा निष्कर्ष आजही उद्धृत केला जातो, कारण तो दोन्ही बाजूंना थोडे थोडे पटतो.

वेल्समधल्या कार्डिफ शहरात १९८१ मध्ये अकरा-बारा वर्षांच्या हजारावर मुलांची नोंद करून एक दीर्घ अभ्यास सुरू झाला. त्यातली काही मुले पुढे तार लावून घेणार होती, काही नाही. तीन वर्षांनी पाहिले तेव्हा तार लावून घेतलेल्या मुलांचा प्लाक आणि हिरड्यांची सूज खरोखरच जास्त कमी झाली होती. हा सरळ दातांचा विजय वाटला असता, पण आकडेवारी उलगडून पाहणाऱ्या संशोधकांनी श्रेय दातांच्या रांगेला दिले नाही, मुलांच्या वागणुकीला दिले. जी मुले उपचार पूर्ण करतात ती वारंवार दंतवैद्याकडे जातात, तिथे त्यांना घासायला शिकवले जाते आणि त्यांना स्वतःच्या दातांविषयी आस्था वाटू लागते.

यानंतरचा मोठा झटका २००८ च्या दुसऱ्या आढाव्याने दिला. बोलन यांच्याच गटाने या वेळी प्रश्न बदलून विचारला: वाकडे दात आणि हिरड्यांचा संबंध बाजूला ठेवा, उपचाराने हिरड्या सुधारतात का तेवढे सांगा. उत्तर निराशाजनक होते. फायदा दाखवणारा भरवशाचा पुरावा सापडला नाही. जो दुबळा पुरावा होता, त्यात उपचार घेतलेल्यांची स्थिती किंचित खालावलेली दिसली. हिरडी सरासरी ०.०३ मिलिमीटर सरकलेली, हाड ०.१३ मिलिमीटर कमी आणि पॉकेट ०.२३ मिलिमीटर खोल. केसाच्या जाडीच्या हिशोबातले हे आकडे रुग्णाला जाणवणारेही नाहीत. म्हणजे सर्वसाधारण निरोगी माणसात तारेने मोठे नुकसान होत नाही आणि मोठा लाभही होत नाही. २०१८ मध्ये पापागिओर्गिउ आणि सहकाऱ्यांच्या विश्लेषणातही हेच आले. दाताला हिरडीचा जो आधार असतो, त्यात तारेच्या उपचाराने लक्षात घेण्याजोगा फरक पडत नाही.

या सरासरीवर पहिल्या बाजूचा एक रास्त आक्षेप आहे. अशा अभ्यासांत बहुतेक रुग्ण किशोरवयीन आणि मुळात निरोगी हिरड्यांचे असतात. ज्याला दुखणेच नाही त्याला उपचाराने काय सुधारणार? शिवाय पायोरिया पस्तिशी-चाळिशीनंतर दिसतो. पंधराव्या वर्षी केलेल्या उपचाराचा परिणाम सतराव्या वर्षी मोजून तीस वर्षांनंतरचा हिशोब लागत नाही.

तिसरी बाजू: रोगाने विस्कटलेले दात

गेल्या वीस वर्षांत चर्चेचे केंद्र किशोरवयीन मुलांकडून प्रौढ रुग्णांकडे सरकले आणि तिथेच सगळ्यात ठोस उत्तर मिळाले.

पायोरियात हाड झिजले की दाताचा आधार कमी होतो आणि तो नेहमीच्या चावण्याच्या, जिभेच्या, ओठांच्या दाबानेही सरकू लागतो. पुढचे वरचे दात बाहेर झुकतात, लांब दिसू लागतात, त्यांच्यात फटी पडतात. पायोरियाच्या रुग्णांमध्ये असे सरकणे एका पाहणीत सुमारे ३० टक्क्यांत, तर दुसरीत ५५ टक्क्यांहून अधिक लोकांत आढळले. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या असल्याने आकड्यांत फरक आहे, पण ही तक्रार सर्रास आढळते याबद्दल मतभेद नाहीत. ‘आधी दात सरळ होते, आता फट पडली’ असे म्हणत येणारा चाळिशीतला रुग्ण हा बहुधा हिरड्यांचाच रुग्ण असतो. अशा माणसाला वाकडे दात कारण म्हणून भेटत नाहीत, रोगाचा परिणाम म्हणून भेटतात.

अशा दातांना तार लावावी का, हा प्रश्न एकेकाळी धाडसाचा मानला जाई. त्याचे कारण दात सरकण्याच्या क्रियेतच आहे. दात आणि हाड यांच्यामध्ये मिलिमीटरच्या पाव भागाएवढ्या जाडीचा तंतूंचा थर असतो. तारेने दाब दिला की ज्या बाजूला दाब पडतो तिथले हाड विरते आणि मागच्या ताणाच्या बाजूला नवे हाड तयार होते. दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो तो असा. हाड विरघळवणाऱ्या याच पेशी पायोरियातही कामाला लागलेल्या असतात. जंतूंची सूज आणि तारेचा दाब एकाच ठिकाणी आले, तर झीज वेगाने होईल ही भीती रास्त होती. स्वीडनमध्ये १९७७ मध्ये बीगल जातीच्या कुत्र्यांवर झालेल्या प्रयोगात ती खरी ठरली. प्लाक असलेले दात कलवताना व हाडात दाबताना वरचा जंतूंचा थर हिरडीच्या खाली गेला आणि तिथे हाड झिजले. स्वच्छ ठेवलेल्या दातांमध्ये असे झाले नाही.

यातून जो नियम निघाला तो आजवर टिकून आहे. आधी जंतूंचा बंदोबस्त, मग तार. १९८९ मध्ये अमेरिकेत बॉइड आणि सहकाऱ्यांनी पायोरियाचा उपचार पूर्ण झालेल्या, हाड कमी असलेल्या प्रौढांना तार लावली. ज्यांच्या हिरड्या आधी शांत केल्या होत्या त्यांचा आधार टिकून राहिला. प्लाक काढण्यात हे प्रौढ किशोरवयीन मुलांपेक्षा जास्त काटेकोर निघाले.

त्यानंतर एक अभ्यास खास महत्त्वाचा ठरला. करिन येप्सेन आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये अनेक केंद्रांवर मिळून ४३ रुग्णांचा प्रयोग प्रसिद्ध केला. सगळ्यांचा पायोरिया पुढच्या टप्प्यातला, दात सरकलेले. आधी शस्त्रक्रियेने हाड भरून येण्यासाठी उपचार केला. मग चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करून काहींना चार आठवड्यांनी, काहींना सहा महिन्यांनी तार लावली. दोन्ही गटांत दाताचा आधार चांगला वाढला आणि त्यांच्यात लक्षणीय फरक आढळला नाही. शस्त्रक्रियेनंतर लांबलचक थांबलेच पाहिजे हा जुना समज त्यामुळे सैल झाला.

२०२२ मध्ये युरोपातल्या हिरड्यांच्या तज्ज्ञांच्या महासंघाने चौथ्या, म्हणजे सगळ्यात पुढच्या टप्प्यातल्या पायोरियासाठी मार्गदर्शिका काढली. त्यात दात सरकलेल्या रुग्णांसाठी दात सरळ करण्याचा उपचार शिफारशीत आहे. अट मात्र स्पष्ट आहे: आधी सूज आटोक्यात आणलेली असावी आणि खोल, रक्त येणारे पॉकेट उरलेले नसावेत. उपचार सुरू असताना हिरड्यांची नियमित तपासणी आणि सफाईही चालू ठेवावी लागते. या टप्प्यावर दात सरळ करणे हा हिरड्यांच्या उपचाराचाच भाग बनतो. चावा नीट बसतो, दातांवरचा भार वाटला जातो, फटीत अन्न अडकणे थांबते आणि रुग्णाला साफ करायला जागा मिळते.

तार की अलायनर

तार लावल्यावर सुरुवातीला हिरड्या बहुधा सुजतात. तार धरण्यासाठी दातांवर चिकटवलेल्या ब्रॅकेटच्या कडांना आणि तारेखाली अन्न अडकते, ब्रश जागच्या जागी अडतो. नीट घासणाऱ्या मुलाची ही सूज तार काढल्यावर ओसरते. न घासणाऱ्याच्या हिरड्या फुगून दातांच्या निम्म्या भागावर चढतात आणि दातांवर पांढरे डागही पडतात.

काढता-घालता येणारे पारदर्शक अलायनर १९९० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आले. जेवताना आणि घासताना ते काढता येतात, त्यामुळे हिरड्यांसाठी ते चांगले ही अपेक्षा स्वाभाविक होती. सुरुवातीच्या बऱ्याच अभ्यासांत तसे दिसलेही. पण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चिठ्ठी पद्धतीच्या चाचणीत अलायनर, साधी तार आणि स्वयंबंद ब्रॅकेट या तिन्ही गटांत अठरा महिन्यांनी हिरड्यांच्या स्थितीत फरक आढळला नाही. अलायनर दिवसाचे वीस-बावीस तास दातांवर असतात. ते न घासलेल्या दातांवर चढवले, तर लाळेचा धुवून काढणारा स्पर्शही दाताला मिळत नाही. साधन कोणते यापेक्षा वापरणारा काय करतो, हे इथेही वरचढ ठरते.

खालच्या पुढच्या दातांची हिरडी सरकण्याचा धोका मात्र साधनाशी नाही, दिशेशी जोडलेला आहे. हाड पातळ आणि हिरडी नाजूक असेल, तर दात हाडाच्या बाहेर ढकलल्यावर मूळ उघडे पडू शकते. नेदरलँडमध्ये रेन्केमा यांच्या अभ्यासांत उपचारानंतरच्या काही वर्षांत हिरडी सरकलेल्यांचे प्रमाण वाढत गेलेले दिसले. वयाचाही त्यात वाटा आहे आणि जोरात घासण्याचाही. म्हणून तार लावण्याआधी हिरडीची जाडी आणि हाडाची रुंदी पाहणे हा आता नियोजनाचा भाग मानला जातो.

पैठण रस्त्यावरचा हिशोब

परदेशातल्या अभ्यासांतून आलेले हे निष्कर्ष मराठवाड्यात लागू करताना तीन गोष्टी जोडाव्या लागतात.

पहिली तंबाखू. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करताना आढळले आणि त्यातले बहुतेक धूरविरहित प्रकार घेणारे, म्हणजे एकूण प्रौढांपैकी २४.४ टक्के, होते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण खायची तंबाखू आणि मिश्री घराघरांत टिकून आहे. बायका मिश्री दातांना लावतात ती दात साफ होतात या समजुतीने. प्रत्यक्षात भाजलेल्या तंबाखूची ती पूड रोज हिरडीवर चोळली जाते. तंबाखूने हिरडीचा रक्तपुरवठा बदलतो, रक्त येण्यासारखी धोक्याची खूण धूम्रपान करणाऱ्यांत झाकली जाऊ शकते आणि उपचारालाही प्रतिसाद कमी मिळतो. तंबाखू न सोडता तार लावणे म्हणजे धोका पत्करणे.

दुसरी मधुमेह. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात देशात दहा कोटींवर मधुमेही असल्याचा अंदाज दिला आहे. साखर आटोक्यात नसली की पायोरिया बळावतो आणि पायोरिया असला की साखर आटोक्यात आणणे कठीण जाते. चाळिशीनंतर फाकलेले दात घेऊन आलेल्या रुग्णाची साखर तपासणे, हे तारेच्या चर्चेआधीचे काम आहे.

तिसरी गोष्ट वेळ आणि पैसा. तारेचा उपचार साधारण दीड ते दोन वर्षे चालतो आणि दर महिन्याला दवाखान्यात जावे लागते. रोजंदारीवर काम करणाऱ्याला प्रत्येक फेरी म्हणजे बुडालेली मजुरी. शिकवणाऱ्या रुग्णालयात शुल्क खाजगी दवाखान्यापेक्षा कमी असते, पण फेऱ्या तेवढ्याच. अर्धवट सोडलेली तार तोंडात तशीच राहिली, तर कोनाडे वाढतात आणि हिरड्या पहिल्यापेक्षा वाईट होतात. उलट, दात साफ करून घेणे आणि दोन दातांमधला बारीक ब्रश वापरायला शिकणे याला एक-दोन फेऱ्या पुरतात. जिथे एकाच गोष्टीला पैसे आहेत, तिथे हा क्रम महत्त्वाचा ठरतो.

अजून न सुटलेले

पहिला प्रश्न काळाचा आहे. लहानपणी दात सरळ केलेल्यांचा पायोरिया पन्नाशीत खरोखर कमी होतो का, याचे उत्तर देणारा दीर्घ अभ्यास अजून नाही. तो करणे अवघडही आहे. चिठ्ठी टाकून निम्म्या मुलांना तीस वर्षे उपचाराविना ठेवणे नीतीला धरून नाही आणि नुसत्या निरीक्षणात वागणूक, उत्पन्न, शिक्षण हे सगळे मिसळते. ऑस्ट्रेलियात तेराव्या वर्षापासून तिशीपर्यंत मागोवा घेतलेल्या एका गटात तार लावलेल्यांचे दात कमी किडलेले नव्हते. तो अभ्यास किडीचा होता, हिरड्यांचा नव्हे. तरी सरळ दात म्हणजे आपोआप निरोगी तोंड या गृहीतावर त्याने प्रश्नचिन्ह उभे केले.

दुसरा प्रश्न उपचारानंतरचा आहे. दात परत फिरू नयेत म्हणून मागच्या बाजूला कायमची बारीक तार चिकटवतात. तिच्याभोवती कीटण साचते. ती किती वर्षे ठेवावी आणि हिरड्यांना तिचा दीर्घकालीन त्रास किती, यावर एकमत नाही. रोगाने सरकलेल्या दातांना मात्र ती बहुधा आयुष्यभर लागते.

तिसरा प्रश्न नाजूक हिरडीचा आहे. तार लावण्याआधीच हिरडीचे रोपण करून ती जाड करावी, की सरकली तरच उपचार करावा? दोन्ही पद्धतींचे समर्थक आहेत आणि निर्णय देण्याइतका पुरावा कोणाकडेच नाही.

चौथा प्रश्न आपल्या मातीतला आहे. मिश्री लावणाऱ्या बाईच्या, मधुमेही कामगाराच्या, महिन्याकाठी एकदाही शहरात येऊ न शकणाऱ्या शेतमजुराच्या तोंडात हे उपचार कसे टिकतात, हे युरोपातल्या चाचण्यांतून कळणार नाही. हिरड्यांचा आणि दात सरळ करण्याचा असे दोन्ही विभाग एकाच छताखाली असलेली दंत महाविद्यालये या पट्ट्यात आहेत. असा अभ्यास तिथे होऊ शकतो आणि व्हायला हवा.

आज काय म्हणता येते

तीन गटांसाठी तीन वेगळी उत्तरे आहेत. निरोगी हिरड्यांच्या मुलाचे दात थोडे वाकडे असतील, तर तार लावण्याची कारणे दिसणे, बोलणे, चावणे ही असू शकतात. हिरड्या वाचतील असे आश्वासन त्यात देऊ नये, कारण पुरावा तेवढे सांगत नाही. उलटा चावा, टाळूत रुतणारे दात किंवा कलंडलेली दाढ असेल, तर दात सरळ करण्याचा हिरडीला थेट उपयोग होतो. पायोरियाने विस्कटलेल्या दातांसाठी हा उपचार आता मान्य आहे, पण हिरड्या शांत झाल्यावरच आणि आयुष्यभर सफाई चालू ठेवण्याच्या बोलीवर.

चितेगावच काय, कुठल्याही गावातून दातांना तार लावायला निघालेल्या प्रौढ माणसाने दवाखान्यात पहिली मागणी ही करावी: आधी हिरड्या तपासा, प्रत्येक दाताभोवतीच्या पॉकेटची खोली मोजून लिहून द्या, गरज असेल तर सफाई करा आणि सूज गेल्याचे पाहूनच तारेची तारीख ठरवा. तार लागल्यावर दर काही महिन्यांनी हे मोजमाप पुन्हा करून मागावे. तो त्याचा हक्क आहे.